एक छर्रा कमी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकटी मुलगी शिकवणीहून आली आणि अंगणात सायकल लावता लावता म्हणाली, "अब्बा, दादांची सायकल हट्टी झालीय. सरळ जाते, पण वळायला सांगितलं की ऐकत नाही." आमच्या घरात आजोबांना दादा म्हणतात. म्हणजे सायकल माझ्या वडिलांची. तिच्या कोपराला खरचटलं होतं, सलवारीला चिखल लागला होता. दौंडच्या बाजारातल्या गर्दीत समोर शेळी आली, हिने हँडल वळवायला घेतलं, ते आधी अडलं आणि मग एकदम झटक्याने वळलं.

घरातून लगेच निकाल आला, "भंगारवाल्याला देऊन टाका ते लोखंड. पोरीचे हातपाय मोडायचेत का?" निकाल चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. सायकल माझ्याच वयाची आहे, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. तिच्या पुढच्या नळीवर कोणत्या कंपनीचं नाव होतं, तेही आता खरवडून गेलं आहे. तरीही मी एका रविवारची मुदत मागून घेतली.

तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर एक करून बघा. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचला आणि हँडल अगदी हळू, एका बोटाने फिरवा. ते लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं तर ठीक. पण नाक बरोबर समोर आलं की जर ते ‘खट्’ करून खाचेत बसल्यासारखं थांबत असेल, तर दुखणं मानेत आहे. हँडलचा दांडा आणि पुढच्या चाकाचा चिमटा ज्या उभ्या नळीतून जातो, तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. त्या वाट्यांत छर्रे असतात, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, साधारण चार मिलिमीटर जाडीचे. या सगळ्या जोडणीला हेडसेट म्हणतात. स्वाराचं आणि सायकलचं पुढचं सगळं ओझं या छर्‍यांवर असतं. आमच्या सायकलच्या खालच्या वाटीत त्या छर्‍यांनी खड्डे पाडले होते.

आता गंमत अशी, की सायकलमध्ये छर्रे इतर ठिकाणीही असतात. चाकाच्या हबमध्ये असतात, पायडलच्या आसात असतात. चाक तर दिवसभरात हजारो वेळा फिरतं. हँडल मात्र वळणावर जरासं कलतं आणि परत समोर येतं. मग जास्त काम करणारं चाक सोडून, जवळजवळ बसून असलेल्या मानेत खड्डे का पडावेत?

याचं उत्तर मला रेल्वेने दिलं. दौंडच्या माणसाला बहुतेक उत्तरं रेल्वेच देते. १९३०च्या दशकात अमेरिकेत नव्या कोऱ्या मोटारी रेल्वेच्या डब्यांत घालून लांबच्या गावांना पाठवत. काही मोटारी मुक्कामाला उतरल्या तेव्हा त्यांच्या चाकांची बेअरिंग खराब निघाली. मोटार अजून मैलभरही चालली नव्हती! जॉन आल्मेन नावाच्या अभियंत्याने १९३७ साली या कोड्यावर लिहिलं. चाक फिरत असतं तेव्हा छर्रे आपल्याबरोबर ग्रीस घेऊन फिरतात, प्रत्येक जागेला वंगण मिळतं. पण चाक थांबलेलं आणि खालचा डबा मात्र रुळांवर हादरत असेल, तर छर्रा एकाच जागी केसभर मागेपुढे होत राहतो. तिथलं ग्रीस बाजूला सरतं, लोखंडाला लोखंड लागतं आणि त्या जागी खळगा पडतो. सायकलच्या मानेचं अगदी हेच होतं. नव्वद टक्के वाट सरळ असते. छर्रे त्याच त्या जागी बसून रस्त्याचा प्रत्येक खड्डा सोसतात. ते न फिरल्यामुळे झिजतात.

हे छर्रे आले कुठून, हा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. गाडीच्या आसाभोवती लोखंडी गोळ्या बसवून तो हलका फिरवण्याची कल्पना वेल्समधल्या फिलिप वॉन या कारखानदाराने १७९४ साली पेटंट करून ठेवली होती. पण कल्पना असून भागत नाही. गोळ्या अगदी गोल आणि अगदी सारख्या असाव्या लागतात. एखादी केसभर मोठी निघाली तर सगळं ओझं तिच्या एकटीवर येतं आणि बाकीच्या नुसत्या सोबतीला राहतात. पुढे १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरीरे यांनी सायकलसाठी छर्‍यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआन अशी सायकलची शर्यत झाली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जेम्स मूर नावाचा इंग्रज तरुण ती जिंकला, आणि त्याच्या सायकलला सुरीरे यांचे छर्रे होते. पुढे १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांनी छर्रे घासून एकसारखे गोल करणारं यंत्र बनवलं आणि मग ते ढिगाने तयार होऊ लागले. १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन. आज आमच्या अंगणात उभी असलेली सायकल तिचीच नात.

आता मी तुम्हाला दौंडच्या यार्डात घेऊन जातो.

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८५८ साली पुण्याला आली आणि तिथून भीमेच्या काठाकाठाने सोलापूरकडे गेली. १८७८ साली दौंडहून अहमदनगरमार्गे मनमाडला जाणारा फाटा सुरू झाला. त्या महादुष्काळाच्या वर्षांनंतर आमचं गाव जंक्शन झालं. इंग्रज त्याला ‘धोंड’ लिहीत. अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण फाटा तोच. या फाट्याची एक खोड आहे. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याला जायचं असेल तर दौंड स्थानकात तिचं तोंड उलट दिशेला असतं. म्हणून इंजिन सोडायचं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि मग निघायचं. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे काही गाड्या स्थानकाबाहेरूनच वळून जातात. आमच्या लहानपणी मात्र झेलम एक्स्प्रेस आली की इंजिनाची ही फेरी बघायला आम्ही पोरं कुंपणाला लटकत असू. सायकलला जशी मान, तसं या दोन रेल्वेमार्गांना दौंड. वळायचं ते इथेच.

माझे अब्बा याच यार्डात खलाशी होते. डबे आणि वॅगन तपासणाऱ्या खात्यात. मालगाडी येऊन थांबली की हातात कंदील आणि लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते गाडीच्या कडेने चालू लागत. चाकावर हातोडा मारायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर पुढे जायचं, बद्द आला तर थांबायचं. मग प्रत्येक चाकाच्या आसाच्या पेटीला उलट्या हाताने, म्हणजे बोटांच्या पाठीने स्पर्श करायचा. पेटी कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर ‘हॉट अ‍ॅक्सल’. ती वॅगन गाडीतून काढायची, नाहीतर पुढे कुठेतरी आस तुटून गाडी घसरायची.

पेटी तापायची कारण त्या काळच्या वॅगनच्या आसाला छर्रेही नसत आणि रोलरही नसत. आसाच्या टोकावर पितळेचा एक जाड तुकडा टेकलेला असे, त्यावर वॅगनचं सगळं वजन, आणि खाली तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा. तेल आटलं की धातूवर धातू घासला जाई. आपल्याकडे प्रवासी डब्यांना रोलर बेअरिंग मिळाली ती १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूरला डब्यांचा कारखाना सुरू झाल्यानंतर. मालगाड्यांची बहुतेक जुनी पिढी तर १९८०च्या दशकात ‘बॉक्स-एन’सारख्या वॅगन येईपर्यंत तेलाच्या बोळ्यावरच चालत राहिली.

आता विचार करा. हजारो टन कोळसा, सिमेंट, धान्य वाहणारी ती मालगाडी तेलाच्या चिंधीवर चालत होती, आणि तिला तपासून घरी निघालेला खलाशी मात्र छर्‍यांच्या सायकलवर! यंत्रशास्त्राच्या हिशेबाने माझ्या वडिलांची सायकल त्या गाडीच्या जवळजवळ शंभर वर्षं पुढे होती. अब्बांना हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. पण सायकलची हबं दर दिवाळीच्या सुट्टीत उघडून साफ करताना ते म्हणत, "हिला कधी ताप येत नाही."

त्यांच्या पिढीला सायकल परवडू लागली, त्यामागेही एक कथा आहे. स्वातंत्र्यापूर्वी सायकल म्हणजे मुख्यतः विलायती माल. रॅले, हंबर, बीएसए ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले. १९४९ साली मद्रासला टीआय, १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस, आणि लुधियानात हीरो. हीरोचे मुंजाल बंधू कमालिया या गावचे, जे आज पाकिस्तानात आहे. ते आधी सुटे भाग विकत. १९५४ साली त्यांनी स्वतः बनवायला घेतलेला पहिला भाग कोणता, तर पुढचा चिमटा. अख्खी सायकल बनवण्याचा परवाना १९५६ सालचा. आणि ‘हीरो’ हे नाव? करीम दीन नावाचे एक गृहस्थ सायकलच्या सीट बनवत आणि त्यावर हे नाव घालत. फाळणीच्या वेळी ते पाकिस्तानात जायला निघाले, तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी विचारलं, "हे नाव मी वापरू का?" करीम दीन हो म्हणाले. मुंजाल कुटुंबाच्या चरित्रांत ही हकिकत सांगितली आहे. माणूस सीमेपलीकडे गेला, नाव इथेच राहिलं आणि खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांच्या, मास्तरांच्या, पोस्टमनच्या सायकलींवर बसून हिंडलं. १९४७ सालाच्या इतक्या वाईट गोष्टी आपण वाचतो. त्यात ही एक मी जपून ठेवली आहे.

छर्‍यांचा कारखाना तर आमच्या जिल्ह्यातच आला. स्वीडनच्या एसकेएफने १९६१ साली इथे असोसिएटेड बेअरिंग ही कंपनी स्थापन केली आणि चिंचवडला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चिंचवडला कामाला जाणारे कामगार असत आणि त्यांच्या गप्पांत ‘मायक्रॉन’ हा शब्द असे. एका मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या कवितेच्या वहीत तो शब्द अजून आलेला नाही, पण कानात राहिला आहे.

हे सगळं मला पुढे वाचून कळलं. त्याआधी छर्रे मला कळले ते एका चुकीतून.

मी तेव्हा सहावीत असेन. सायकल नुकतीच एका दुकानातून ओव्हरहॉलिंग होऊन आली होती, पण तेव्हापासून हँडल जड झालं होतं. अब्बा वैतागत, पण पैसे देऊन झाले होते. मला वाटलं, आपण तेल घालावं. अब्बा रात्रपाळीसाठी दुपारी झोपले होते. मी पाना घेतला, वरचं नट काढलं, वरची वाटी सोडवली आणि चिमटा खाली ओढला. क्षणात सगळे छर्रे रेल्वे क्वार्टरच्या अंगणात सांडले. काही तुळशीच्या कुंडीखाली गेले (शेजारच्या काकूंची कुंडी आमच्या हद्दीत असे), काही कोंबड्यांनी चोचीने उचलून पाहिले. अब्बा उठले तेव्हा पाळीला तास उरला होता. रेल्वेत उशीर म्हणजे गैरहजेरी. मी मार खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी काही न बोलता जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं, रुमालात गुंडाळलं आणि जमिनीवरून फिरवू लागले. एकेक छर्रा रॉकेलच्या वाटीत पडत गेला. शेवटी एक सापडला नाही. मी रडायला लागलो. अब्बा ग्रीसमध्ये छर्रे बसवत म्हणाले, "एक कमी चालतो. एक जास्त चालत नाही." आणि ते सायकलवर टांग टाकून यार्डाकडे गेले.

सकाळी परत आले तेव्हा म्हणाले, "हँडल हलकं झालं रे."

पुष्कळ वर्षं मला वाटे, हे त्यांनी माझं मन राखायला म्हटलं. तो हरवलेला छर्रा मला काही महिन्यांनी शहाबादी फरशीच्या फटीत सापडला होता. मी तो त्यांना दिला नाही. चूक पुन्हा उघडी पडेल, या भीतीने एका डबीत लपवून ठेवला. अब्बा निवृत्त झाले, गावात घर झालं, त्यांच्या हाताला कंप सुटला, पाना धरवेना झाला. एक दिवस ते गेलेही. डबीतला छर्रा राहिला.

पुढे दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक हाती आलं आणि त्यात सरळ नियमच दिलेला दिसला. वाटी छर्‍यांनी गच्च भरायची आणि मग एक काढून टाकायचा. तेवढी मोकळी जागा असेल तरच छर्रे फिरतात. नसेल तर एकमेकांना घासत बसतात, हँडल जड होतं. दुकानदाराने एक जास्त कोंबला होता. तो माझ्या हातून हरवला आणि सायकल बरी झाली. अब्बांनी मला धीर दिला होता की कारागिरीचा नियम सांगितला होता? मला वाटतं, त्यांच्यासारख्या माणसांकडे या दोन वेगळ्या गोष्टी नसत.

तर त्या ठरलेल्या रविवारी आम्ही बापलेक अंगणात बसलो. नव्या वाट्या आणि छर्रे मिळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली. एकाने छर्रे जाळीत बसवलेले दिले, ते आमच्या वाटीच्या मापाचे नव्हते. शेवटी एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या चाचांनी ट्रंकेतून नव्या वाट्या आणि कागदाच्या पुडीत सुटे छर्रे काढून दिले. जाळीपेक्षा सुटे छर्रे एका वाटीत जास्त मावतात, ओझं जास्त जणांत वाटलं जातं, हे त्यांनीच सांगितलं.

खाली परात ठेवून पुढचं चाक काढलं. ब्रेकच्या सळ्या सोडवल्या. हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट चार आटे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवला आणि हातोडीचा एक ठोका दिला. आतली पाचर खाली पडली, हँडल बाहेर आलं. चिमटा खाली ओढला तसे जुने छर्रे परातीत टणटणले. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेलने सगळं पुसलं. मुलीने खालची वाटी उन्हात धरली. कडेने एका ओळीत खळगे, जणू कुणी मोजून टिंबं दिली होती. "इतकी वर्षं एकाच जागी बसले होते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, आणि रस्ता दादांच्या क्वार्टरपासून यार्डापर्यंतचा."

जुन्या वाट्या आतून सळई घालून, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला ठोकत काढल्या. एकाच बाजूने ठोकलं तर वाटी तिरकी होऊन नळीत अडकते. नव्या वाट्या लाकडी ठोकळ्यावरून हलक्या हाताने, सरळ बसवल्या. चिमट्याच्या मानेवरचं कडंही बदललं. ते जुनं ठेवलं तर नवे छर्रे जुन्या खड्ड्यांत बसतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मग ग्रीस. मुलगी एकेक छर्रा चिमटीत धरून लावत गेली आणि वाटी गच्च झाली. मी म्हटलं, "आता एक काढ."

"का? बसलाय की व्यवस्थित."

"एक कमी चालतो. एक जास्त चालत नाही."

वरचं नट किती आवळायचं, ते बोटांनाच कळतं. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवली तर मान खडखडता कामा नये, आणि चाक उचलून सायकल जरा कलती केली तर हँडल आपल्या वजनाने एका बाजूला झुकलं पाहिजे. दोन-तीनदा आवळून, सैल करून ते जमलं. मुलीने चाक उचललं, एका बोटाने हँडल फिरवलं. मधली खाच गेली होती. मग तिने कुणी न शिकवता नव्या वाटीवर उलटा हात ठेवून पाहिलं. मला वाटतं तो हात गार आहे की नाही हे बघायला नव्हता, पण मला यार्डातला कंदील आठवला.

पुण्यात कर्वेनगरला २०१७ सालापासून सायकलींचं एक संग्रहालय आहे. फार प्रेमाने जमवलेल्या जुन्या सायकली तिथे आहेत. एका मित्राने सुचवलं की अब्बांची सायकल तिथे द्यावी. मी नको म्हटलं. नुसती उभी राहिली की काय होतं, ते मी त्या वाटीत पाहिलं आहे. ती रोज शिकवणीला जाते. सायकल पावसात भिजते, तिला चिखल लागतो, आणि बाजाराच्या कोपऱ्यावर ती सांगितलं तिकडे वळते.

काढलेला छर्रा मुलीने माझ्या तळहातावर ठेवला होता. मी ती जुनी डबी शोधून आणली. आता तिच्यात दोन आहेत.